कोइझुमी याकुमो ऊर्फ लॅफ्काडिओ हर्न : जपानी घराच्या उंबरठ्याआतला पाहुणा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि आपल्या घरांतले देव्हारे हलले. देव गेले, नवस गेले, अंगात येणे गेले. त्यांच्या जागी त्रिशरण-पंचशील आले, बुद्धवंदना आली, पौर्णिमेला विहारात जाणे आले. पण पौर्णिमा येते महिन्यातून एकदाच. राहिलेल्या दिवसांत, म्हणजे सकाळी चूल पेटल्यापासून रात्री अंथरूण पडेपर्यंत, बौद्धाचे घर शेजारच्या घराहून वेगळे ते नेमके कशात, हा प्रश्न आमच्या दहिवलीत म्हातारी माणसेही विचारतात आणि कॉलेजात जाणारी मुलेही. घरात सून येते, बाळ जन्मते किंवा कोणी दगावते, तेव्हा तर हा प्रश्न दारातच येऊन उभा राहतो.

आपल्या कर्जत तालुक्यात कोंडाण्याला दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आहे. कण्ह नावाच्या आचार्यांचा शिष्य बालक, याचे नाव तिथल्या दगडात कोरलेले आहे. पण लेणी बोलतात ती भिक्खूंबद्दल. डोंगराखाली भात लावणाऱ्या उपासकांच्या चुलीपाशी धम्म कसा नांदत होता, ते कोणी दगडावर कोरून ठेवले नाही. आपली ती वही कोरीच राहिली.

दुसऱ्या एका बौद्ध देशाची वही मात्र एका परक्या माणसाने लिहून ठेवली आहे. हा माणूस बौद्ध घरात जन्मलेला नव्हता. त्याचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्याने जेमतेम दिसे. १८९० साली तो जपानात उतरला आणि चौदा वर्षांनी तिथेच, जपानी नाव धारण करून, वारला. त्याचे नाव लॅफ्काडिओ हर्न. जपानात आजही शाळकरी पोरांना तो कोइझुमी याकुमो म्हणून ठाऊक आहे. या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्याचे चरित्र द्यावे असे आम्हाला वाटले, कारण त्याने देवळांच्या उंचीपेक्षा घरातल्या वागण्याकडे जास्त पाहिले. शिवाय त्याला ज्या गोष्टीने हाकलले होते, ती गोष्ट आपल्याला नवी नाही.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजी ग्रीसजवळच्या लेफ्काडा बेटावर झाला. बेटाच्या नावावरूनच लॅफ्काडिओ हे नाव पडले. आई रोझा ग्रीक, वडील चार्ल्स हर्न आयर्लंडचे, ब्रिटिश लष्करात डॉक्टर. पोर दोन वर्षांचे असताना आई त्याला घेऊन डब्लिनला सासरी आली. थंडी, धुके, परकी भाषा आणि नवरा परमुलखात. बाई तिथे रुळली नाही. १८५४ साली ती एकटी मायदेशी परत गेली आणि मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही. वडिलांनी तो विवाह कायद्याने रद्द करून घेतला, दुसरे लग्न केले आणि पलटणीबरोबर ते हिंदुस्थानात निघून आले. १८६६ साली परत जाताना सुएझजवळ बोटीवर तापाने त्यांचे निधन झाले. म्हणजे आई असून नाही आणि बाप असून नाही, अशी पोराची गत. एका श्रीमंत चुलत-आजीने त्याला वाढवले, इंग्लंडात पाद्र्यांच्या शाळेत घातले. तिथे सोळाव्या वर्षी खेळताना दोराची गाठ लागून डावा डोळा गेला. पुढे आयुष्यभर फोटो काढताना ते मान वळवून किंवा खाली बघून उभे राहत. त्यातच आजीचे पैसे बुडाले. एकोणिसाव्या वर्षी हातात तिकीट देऊन नातेवाइकांनी पोराला अमेरिकेला वाटेला लावले.

अमेरिकेत सिनसिनाटी शहरात त्यांनी तबेल्यात रात्री काढल्या, पडेल ते काम केले. वॉटकिन नावाच्या एका वयस्क छपाईवाल्याने आपल्या छापखान्यात कागदाच्या कातरणांवर झोपायला जागा दिली आणि काम शिकवले. पुढे वर्तमानपत्रात वार्ताहर झाले, नाव झाले, पगार बरा झाला. आणि मग ती गोष्ट घडली, जी आम्हाला या चरित्रातली मोठी गोष्ट वाटते.

ज्या खाणावळीत ते राहत तिथे मॅटी फोली नावाची तरुण बाई स्वयंपाक करी. ती गुलामीत जन्मलेली, काळ्या आईची मुलगी होती. १८७४ साली हर्न यांनी तिच्याशी लग्न केले. ओहायो राज्याच्या कायद्याने गोऱ्याने काळ्या रक्ताच्या बाईशी लग्न करणे हा गुन्हा होता. तो कायदा १८८७ पर्यंत टिकला. बातमी फुटली आणि १८७५ साली वर्तमानपत्राने त्यांना कामावरून काढून टाकले. लेखणी तीच, माणूस तोच, फक्त बायकोचा जन्म आडवा आला. आपल्याकडे जातीबाहेर लग्न केले म्हणून वाळीत पडलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

पण चरित्र लिहायचे तर पुरते लिहावे. हे लग्न टिकले नाही. दोन-तीन वर्षांत दोघे वेगळे झाले आणि हर्न न्यू ऑर्लिन्सला निघून गेले. मॅटी मागे राहिली. हर्न वारल्यावर, १९०६ साली, तिने विधवा म्हणून कोर्टात हक्क मागितला. मुळात लग्नच बेकायदा होते या कारणावरून तो फेटाळला गेला. कायद्याने तिला दोनदा नाकारले, आणि मधल्या काळात नवऱ्यानेही सोडलेच होते. हर्न यांच्यावर प्रेम करणारे चरित्रकार या बाईवरून लगबगीने पुढे जातात. ते आम्हाला बरे वाटत नाही.

न्यू ऑर्लिन्समध्ये दहा वर्षे आणि नंतर वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर दोन वर्षे काढली. तिथेही बाजारातल्या बायका, त्यांच्या म्हणी, त्यांचे कालवण यांवर ते लिहीत राहिले. मग न्यूयॉर्कच्या एका प्रकाशन संस्थेने त्यांना जपानवर लेख लिहायला पाठवले. ४ एप्रिल १८९० रोजी ते योकोहामा बंदरात उतरले. सोबत चित्रे काढणारा होता. त्याला आपल्यापेक्षा जास्त पैसे मिळतात हे कळल्यावर त्यांनी त्या संस्थेशी संबंधच तोडला. खिशात दमडी नाही, भाषा येत नाही, वय चाळीस. तरी परत जायचे मनात आणले नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माणसाने ओढायची रिक्षा केली आणि देवळे दाखव म्हणून सांगितले. डोंगरावरच्या एका देवळात तरुण विद्यार्थी भेटला. तुम्ही ख्रिस्ती आहात का, बौद्ध आहात का, अशी त्याने चौकशी केली. हर्न यांनी दोन्हींना नीटसे हो म्हटले नाही. मग दानपेटीत पैसे का टाकता, असे पोराने विचारले. त्यावर त्यांचे सांगणे असे होते की बुद्धाच्या शिकवणीतले सौंदर्य आणि ती पाळणाऱ्यांची निष्ठा, या दोन्हींविषयी त्यांना आदर आहे. दुसऱ्या एका मंदिरात गाभाऱ्यात मूर्ती शोधायला गेले तर आत नुसता चकचकीत धातूचा गोल आरसा होता आणि त्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. ही हकिगत त्यांनी पुढे लिहिली आहे.

टोकियोतले प्राध्यापक चेंबरलेन यांच्या ओळखीने मात्सुए गावी इंग्रजी मास्तरची नोकरी मिळाली. पगार महिना शंभर येन. ३० ऑगस्ट १८९० ला ते तिथे पोचले. मात्सुए म्हणजे जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडचे तळ्याकाठचे जुने गाव. तिथे ते जेमतेम सव्वा वर्ष राहिले, पण त्यांचे सगळ्यात चांगले लिखाण याच सव्वा वर्षाचे आहे.

मात्सुएची सकाळ त्यांनी कानांनी लिहिली आहे, डोळे अधू असल्यामुळेच की काय. पहाटे पहिला आवाज भात कांडण्याचा. पायाने दाबून उचलायचे भले मोठे लाकडी मुसळ एका लयीत पडत राही. ते त्यांना त्या देशाच्या नाडीसारखे वाटले. आपल्याकडे ज्या आजींनी गिरणी येण्याआधी उखळावर भात कांडलाय, त्यांना तो धप धप आवाज कानात आणून द्यायला नको. मग झेन पंथाच्या विहारातली मोठी घंटा. मग जिझो या बोधिसत्त्वाच्या लहान देवळातला ढोल, सकाळच्या वंदनेची वेळ झाली हे सांगणारा. मग मुळे विकणाऱ्याची आणि जळणाच्या काटक्या विकणाऱ्या बाईची आरोळी. तळ्याकाठी हातपाय धुऊन सूर्याकडे तोंड करून टाळ्या वाजवणारी माणसे. ही शिंतो रीत, बौद्ध नव्हे, आणि जपानी माणूस दोन्ही सोबत करतो हे त्यांनी बरोबर टिपले. आणि शेवटी पुलावरून कामाला निघालेल्या हजारो पायांतल्या लाकडी खडावांचा टकटकाट.

आता घरात काय पाहिले ते सांगतो. दारात पादत्राणे काढून आत जायचे, जमिनीवर बसायचे, जेवणाआधी हात जोडायचे, आल्यागेल्याला वाकून नमस्कार. यातले बरेचसे आपल्यालाही नवे नाही. पण त्यांच्या मनात भरले ते वेगळेच. रस्त्याकडेला लहान मुलाच्या चेहऱ्याचा दगडी जिझो उभा असे, त्याच्या गळ्यात लाल लाळेरे बांधलेले आणि पायाशी खड्यांचे ढीग. ज्या आईचे मूल गेले ती येऊन एक खडा ठेवी, म्हणजे पलीकडे आपल्या पोराचे कष्ट तेवढे हलके होतील. आपण अशी कल्पना मानत नाही, बाबासाहेबांनी ती आपल्याला मानू दिलेली नाही. पण हर्न यांनी त्यातली दुसरी बाजू पाहिली. तो खडा ठेवायला कोणालाही बंदी नव्हती, भटजी लागत नव्हता, दक्षिणा लागत नव्हती, आणि एका आईने ठेवलेला खडा दुसरीच्या मुलालाही चालत होता.

तसेच उन्हाळ्यातल्या बोन सणाचे. तीन दिवस घरी मृतांचे स्वागत करायचे, मग पाण्यात दिवे सोडून त्यांना निरोप द्यायचा. हर्न यांना हे फार आवडले. आम्ही तितके खूश होणार नाही, कारण श्राद्ध आणि पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे आणि ती घेण्यामागे आपल्या पूर्वजांची पिढ्यानपिढ्यांची लूट आहे. आपल्याकडे पुण्यानुमोदन होते, तेवढे पुरे. मृतांच्या आठवणीत त्या तीन दिवसांत गावातल्या म्हाताऱ्या-पोरांनी एकत्र नाच करावा, ही गोष्ट मात्र हर्न यांच्याबरोबर आम्हालाही गोड वाटते.

जपानी माणूस दुःखातही हसतो, यावरून त्या काळचे गोरे लोक त्याला दगडाच्या काळजाचा म्हणत. एका मोलकरणीने हसतहसत नवऱ्याच्या अंत्यविधीसाठी सुट्टी मागितली, संध्याकाळी येऊन अस्थींचे भांडे दाखवले आणि पुन्हा हसली, तेव्हा तिची गोरी मालकीण चिडली होती. हर्न यांनी यावर मोठा लेख लिहिला. त्यांच्या मते ते हसू म्हणजे आपल्या दुःखाचा भार समोरच्यावर पडू नये म्हणून घेतलेली काळजी होती. तेवढे खरे असेलही. पण मोलकरणीनेच हसायचे आणि मालकिणीने नाही, हा भेद त्यांच्या नजरेतून थोडा निसटला असे आम्हाला वाटते. आमच्या मते रडू येईल तेव्हा माणसाने रडावे, बाईने तर जरूर.

शाळेतली एक हकिगत मात्र वाचताना आमचा घसा दाटून येतो. योकोगी नावाचा सुताराचा मुलगा हर्न यांच्या वर्गात होता. घरची गरिबी, पण पोर इतके हुशार की दुसऱ्यांच्या मदतीने शिकत होते. तो आजारी पडला आणि आता जगत नाही हे कळले. मरणाच्या आदल्या काळात एका थंडीच्या रात्री त्याने हट्ट धरला की मला शाळा पाहायचीय. म्हाताऱ्या गड्याने त्याला पाठुंगळी घेतले आणि अंधारात शाळेसमोर नेऊन उभे केले. पोराने आपल्या वर्गाच्या खिडक्या पाहिल्या. बस, एवढेच. नंतर विहारात त्याच्यासाठी विधी झाला तेव्हा मास्तर आणि मुले सगळी हजर होती.

याच गावात हर्न यांचे घर वसले. आधी ज्या खानावळीत उतरले होते तिथल्या मालकाच्या मुलीचे डोळे आले होते आणि बाप दवाखान्यात नेत नव्हता. स्वतःचा एक डोळा गमावलेल्या माणसाला हे कसे सहन व्हावे? त्यांनी स्वतः तिच्यावर उपचार करवले आणि बापावरच्या रागाने ती जागाही सोडली. पुढे १८९१ साली सेत्सु कोइझुमी ही तेवीस वर्षांची बाई त्यांच्या घरी आली. सामुराई घराण्यातली, पण मेइजी राजवटीत ती घराणी धुळीला मिळाली होती. पहिला नवरा टाकून गेलेला, पदरी माहेरच्या माणसांना पोसायचे. दोघांनी संसार मांडला. तिला इंग्रजी येईना, त्यांना धड जपानी येईना. तेव्हा दोघांनी मिळून मोडक्यातोडक्या जपानीची आपली एक बोली तयार केली आणि तीवर आयुष्य काढले.

सेत्सुबाईंनी नंतर नवऱ्याच्या आठवणी सांगितल्या आहेत. मात्सुएच्या घराच्या बागेत साप येई आणि बेडकांवर टपे. हर्न आपल्या ताटातले काढून सापाला देत, म्हणजे तो बेडकांना धरणार नाही. पाण्यात बुडवून मारायला निघालेल्या पोरांकडून सोडवलेले मांजराचे भिजलेले पिल्लू त्यांनी आपल्या छातीशी कपड्याच्या आत धरून ऊब दिली. लिहायचे टेबल फार उंच करून घेतलेले, कारण डोळा कागदाला टेकवल्याशिवाय दिसतच नसे. टेबलावर एक मोठा शंख. चिलमीचा विस्तव संपला की तो फुंकायचा, म्हणजे आतून कोणीतरी निखारा घेऊन येई! पहिले शील ओठांवर आपल्या सगळ्यांच्या असते. सापालाही ते लागू करणारा माणूस विरळा.

आता ज्या गोष्टीसाठी हे चरित्र निवडले तिथे येतो.

मात्सुए गावाबाहेर एका घळीत काही वस्ती होती. त्या लोकांना यामा-नो-मोनो म्हणत, म्हणजे डोंगराकडचे. चिंध्या, बाटल्या, मोडतोड गोळा करून विकणे हा त्यांचा धंदा. १८७१ साली जपान सरकारने फर्मान काढून अस्पृश्य जाती कायद्याने रद्द केल्या होत्या. पण वीस वर्षे झाली तरी गावातले कोणी त्या वस्तीत पाऊल टाकत नव्हते, त्यांना घरकामाला ठेवत नव्हते. नव्या वर्षाला त्यांच्या बायका गावात येऊन दारोदार दाइकोकु-माइ नावाची नाचगाणी करीत. दारात गाणे चालायचे. दाराच्या आत यायचे नाही. हे वाचून आपल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेले काय काय आठवते, ते ज्याचे त्याने मनात आणावे.

त्या वस्तीत जावेसे हर्न यांना वाटले. १८९१ साली शाळेतले सहकारी निशिदा सेन्तारो यांनी सोय केली आणि दोघे गेले. घाण आणि दारिद्र्य दिसणार असे सगळ्यांनी मनात धरलेले. प्रत्यक्षात नीटनेटकी घरे, झाडेफुले, स्वच्छ वाटा, वस्तीचे स्वतःचे स्नानगृह. लोक बघतच राहिले, कारण कोणी पाहुणा तिथे येतच नसे. बायकांनी त्यांच्यासाठी गाणी म्हटली. हर्न यांनी ती उतरवून घेतली, भाषांतर करवले आणि १८९४ साली टोकियोच्या एशियाटिक सोसायटीसमोर ती वाचली गेली. पुढे ती पुस्तकातही आली. विद्वानांच्या सभेत त्या घळीतल्या बायकांचे गाणे पोचले ते एका काणा परदेशी मास्तराने नेले म्हणून. ज्याला बायकोच्या जन्मावरून नोकरी गमवावी लागली, त्याचे पाय त्या घळीकडे वळले यात आम्हाला तरी नवल वाटत नाही.

आणि इथे आपण थोडे थांबायला हवे. जपानात बौद्ध धम्म बाराशे-तेराशे वर्षे होता, घरोघर बुद्धाची वेदी होती, आणि तरीही माणसे गावकुसाबाहेर होती. मेल्यावर विहारातून जे नाव मिळते तेसुद्धा या लोकांना हिणकस अर्थाचे दिलेले सापडले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या बौद्ध पंथांना स्वतःच्याच थडग्यांवरची ती नावे शोधून दुरुस्त करावी लागली. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोला या समाजाने स्वतःची सुइहेइशा ही संघटना उभारली, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी. आणि २०१६ साली जपानच्या संसदेला या भेदभावाविरुद्ध पुन्हा नवा कायदा करावा लागला. तेव्हा नुसते बौद्ध म्हणवून घेतल्याने जात जाते असे कोणी समजू नये. बाबासाहेबांनी दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा का दिल्या, याचे उत्तर यात आहे. हर्न यांनी पुढे या प्रश्नावर आणखी काही केले नाही, ते लेखकच राहिले. पण डोळे मिटून गेले नाहीत.

नोव्हेंबर १८९१ मध्ये थंडी सोसेना म्हणून ते दक्षिणेला कुमामोतोला गेले. निरोपाला विद्यार्थी धक्क्यावर जमले होते. कुमामोतोचे नाव आपल्याला परके वाटू नये. वरळीचे जपानी बुद्धमंदिर ज्या निप्पोन्झान म्योहोजी संघाचे आहे, त्याचे संस्थापक फुजी गुरुजी याच कुमामोतो प्रांतातल्या आसो भागात १८८५ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मले आणि १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. हर्न तिथे मास्तरकी करत होते तेव्हा गुरुजी लहान पोर होते.

कुमामोतोच्या रेल्वे स्टेशनावरची एक हकिगत हर्न यांनी लिहिली आहे. एका पोलिसाचा खून करून पळालेला माणूस चार वर्षांनी सापडला. त्याला गाडीने आणणार म्हणून गर्दी जमली. आता मारामार होणार असे हर्न यांना वाटले. अधिकाऱ्याने मेलेल्या पोलिसाच्या बायकोला पुढे बोलावले. तिच्या पाठीवर लहान मुलगा होता. बाप मेला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. अधिकाऱ्याने मुलाला सांगितले की या माणसाकडे नीट बघ. पोर डोळ्यांत पाणी आणून बघत राहिले. तो गुन्हेगार जमिनीवर कोसळला, माती कपाळाला लावून क्षमा मागू लागला, मला मरणच योग्य आहे म्हणाला. गर्दी एकदम गप्प झाली, मग हुंदके ऐकू आले. पोलीसही रडत होते. पुढे लोकांनी वाट करून दिली. गुन्हेगारालाही कुठेतरी बाप म्हणून काळीज असते आणि न्याय त्या काळजाला हाक मारू शकतो, हे त्यांना त्यात दिसले. अंगुलिमालाची कथा ज्यांनी विहारात ऐकली आहे त्यांना ही परकी वाटणार नाही.

आणखी एक, आपल्या भातशेतीवाल्यांसाठी. समुद्राकाठच्या एका गावात कापणी झालेली. टेकडीवरच्या हामागुची नावाच्या म्हाताऱ्याला समुद्र मागे हटलेला दिसला. ओरडून खाली ऐकू जाणार नाही, म्हणून त्याने आपल्या वर्षभराच्या भाताच्या उडव्यांना आग लावली. आग विझवायला अख्खे गाव टेकडीवर धावले आणि तेवढ्यात खाली त्सुनामीने गाव धुऊन नेले. हर्न यांनी १८९७ साली ही गोष्ट छापली. मूळ घटना १८५४ सालची. खरे हामागुची गोर्यो तेव्हा चौतीस वर्षांचे होते, गोष्टीत ते म्हातारे झाले आहेत. ती गोष्ट जपानी शाळांच्या पुस्तकात गेली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला, तो याच घटनेवरून. दान म्हणजे काय, हे शिकवायला याहून सोपी गोष्ट आम्हाला ठाऊक नाही. वर्षाचे भात जाळणे म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा.

१८९३ साली पहिला मुलगा काझुओ झाला आणि संसाराची काळजी वाढली. परदेशी माणसाशी रीतसर लग्न केले तर बायकोचे जपानी नागरिकत्व जाणार, आणि नाही केले तर बायको-मुलांचा वारसाहक्क जाणार. मॅटीच्या वेळी कायद्यापुढे हात टेकलेल्या माणसाने या वेळी उलटे केले: स्वतःच बायकोच्या घरात दत्तक गेला. १८९६ साली ते जपानी नागरिक झाले आणि सासरचे आडनाव लावून कोइझुमी याकुमो बनले. नवरा बायकोच्या घराण्याचे नाव लावतो, ही गोष्ट तेव्हाही लोकांना चमत्कारिक वाटली असेल आणि आपल्या आळीत आजही वाटेल.

त्याच वर्षी टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवायला लागले. शहर त्यांना आवडले नाही. कारखाने, सैन्य, पाश्चात्त्य कपडे, सगळे त्यांना जुन्या जपानवर चढलेल्या गंजासारखे वाटे. खरे सांगायचे तर जुन्यावर त्यांचा जीव जरा जास्तच होता. जुन्या रीतींखाली दबलेल्या बायका आणि कुळे त्यांना कमी दिसली. १९०३ साली विद्यापीठाने त्यांना दूर केले, विद्यार्थ्यांनी विरोध करूनही. त्यांच्या जागी जे शिकवायला आले त्यांत पुढे मोठे कादंबरीकार झालेले नात्सुमे सोसेकी होते.

रात्री दिवा बारीक करून सेत्सुबाई त्यांना जुन्या गोष्टी सांगत. पुस्तकातून वाचू नको, तुझ्या तोंडाने, तुझ्या शब्दांत सांग, असा त्यांचा आग्रह असे. बाई सांगता सांगता स्वतः घाबरत आणि हे रंगून ऐकत. त्यातून १९०४ सालचे क्वाइदान हे भुताखेतांच्या गोष्टींचे पुस्तक झाले, जे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक. भुतांवर आपला विश्वास नाही, ते ठीकच. पण जगभर गेलेले ते पुस्तक त्या बाईच्या तोंडचे आहे आणि मुखपृष्ठावर तिचे नाव नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

टोकियोत घराजवळ कोबुदेरा नावाचे जुने बौद्ध मंदिर होते. तिथल्या मोठ्या झाडांखाली ते रोज फिरत. एकदा पैशासाठी तिथले तीन देवदार तोडले गेले तर घरी येऊन ते माणूस गेल्यासारखे खिन्न बसले. २६ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने त्याच कोबुदेरात झाला आणि झोशिगाया स्मशानभूमीत त्यांना ठेवले.

मागे सेत्सुबाई आणि चार मुले, तीन मुलगे व एक मुलगी. पुस्तकांवर आणि मित्रांच्या मदतीवर बाईंनी घर चालवले. १९१४ साली त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या. साप, मांजर, शंख, हे सगळे आपल्याला कळले ते त्यामुळेच. १९३२ साली त्या वारल्या. मात्सुएतले त्यांचे भाड्याचे घर आणि ती बाग आजही जपून ठेवलेली आहे, लोक पाहायला जातात. २०२५ साली जपानच्या एनएचके वाहिनीने रोज सकाळी दाखवायची मालिका काढली, तीत नायिका सेत्सुबाईंवर बेतलेली आहे आणि हर्नसाहेब तिचे नवरे म्हणून येतात.